छापील गेलें, हस्तलिखित राहिलें

एके दिवशीं वर्गांत आम्हीं एक साधा प्रश्न विचारला: अधिक काळ टिकतें कोणतें, छापील पुस्तक कीं हातानें लिहिलेलें? सारा वर्ग एका सुरांत ‘छापील’ म्हणाला. हें उत्तर अगदींच चुकीचें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. छापील पुस्तकाच्या शेंकडों प्रती एकदम निघतात. एक जळाली, दुसरी भिजली, तरी तिसरी कोठें तरी सुरक्षित राहण्याचा संभव असतो. परंतु आपल्या रत्नागिरीच्या दक्षिणेस, याच समुद्राच्या कांठीं, गोव्यांत असा एक मराठी ग्रंथ निर्माण झाला, कीं जो तीन वेळां छापला गेला, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तरीहि तो ग्रंथ आज आपणांस वाचतां येतो. तो कोणी राखला? राजानें नव्हे, छापखान्यानें नव्हे. खेड्यापाड्यांतील ज्या माणसांना तो वाचावयाचा व गावयाचा होता, त्यांनीं तो हातानें उतरून घेतला, आणि त्या उतरलेल्या पोथ्यांनीं तो राखला.

हा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’. त्याचें नांव तुम्हीं ऐकलें असेल. मराठी भाषेच्या स्तुतीच्या त्यांतील ओव्या पाठ्यपुस्तकांतून अनेकांनीं वाचल्याहि असतील. आज त्या ओव्यांविषयीं आम्हांस बोलावयाचें नाहीं. त्या ओव्या आपल्या हातीं पोहोंचल्या कशा, ही हकीकत सांगावयाची आहे.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांत, विल्टशायर परगण्यांत, इ. स. १५४९ च्या सुमारास झाला. तो काळ त्या देशांत मोठ्या उलथापालथीचा होता. १५३६ ते १५४० या वर्षांत तेथील मठ राजाज्ञेनें बंद करण्यांत आले आणि त्यांचे ग्रंथसंग्रह वाऱ्यावर गेले. १५४९ सालीं उपासना लॅटिनऐवजीं इंग्रजींत करण्याचा कायदा झाला, तेव्हां लॅटिन उपासनेच्या जुन्या गायनपोथ्या निरुपयोगी ठरल्या. कित्येक फाडल्या गेल्या, कित्येकींचे कागद इतर कामांस लागले. ईटन येथील शाळेंत १५०० च्या सुमारास तयार झालेली अशी एक भव्य गायनपोथी मात्र वांचली. तिच्या मूळच्या २२४ पानांपैकीं १२६ पानें आज शिल्लक आहेत. त्या पानांवर ज्या संगीतकारांच्या रचना आहेत, त्यांतील कांहींची एकही रचना दुसरीकडे कोठें सांपडत नाहीं. म्हणजे ती एक पोथी नष्ट झाली असती, तर ते संगीतकार जणूं जन्मलेच नव्हते असें झालें असतें! ज्या देशांत पुस्तकांची अशी वाताहत झाली, त्याच देशांतून आलेल्या माणसाचा ग्रंथ पुढें आपल्या कोंकणांत असाच काळाच्या तोंडीं सांपडला, हा मोठा चमत्कारिक योग होय.

स्टीफन्स १५७५ सालीं रोम येथें जेझुइट संघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं त्यांचें गलबत लिस्बन बंदरांतून निघालें आणि २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास लागलें. पुढील सुमारें चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत, ते गोव्यांतच राहिले, आणि त्यांतील बराचसा काळ त्यांनीं सासष्टी प्रांतांत घालविला. हिंदुस्थानांत येऊन येथेंच राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचें नांव घेतात. १५८३ सालीं राल्फ फिच व त्याचे सोबती गोव्यांत कैदेंत पडले, तेव्हां त्यांच्या सुटकेच्या कामीं फादर स्टीफन्स यांनीं साहाय्य केलें. त्याच सालीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं असें कळविलें आहे कीं, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन या भाषांशीं जुळती आहे. ही गोष्ट युरोपांतील पंडितांच्या ध्यानांत येण्यास आणखी दोनशें वर्षें लागलीं.

आतां एक अप्रिय सत्यहि सांगितलें पाहिजे. शिक्षकानें सोयीचें तेवढेंच सांगूं नये. ज्या काळीं फादर स्टीफन्स सासष्टींत आले, त्याच्या थोडें आधीं तेथील देवळें पाडण्यांत आलीं होतीं आणि लोकांच्या जुन्या पोथ्या जप्त करण्यांत व जाळण्यांत आल्या होत्या. आम्ही ख्रिस्ती आहोंत, म्हणून ही गोष्ट झांकून ठेवावी असें आम्हांस वाटत नाहीं. उलट ती आम्हींच आधीं सांगितली पाहिजे. नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणश्रवणाची पिढ्यान् पिढ्यांची आवड एका दिवसांत कशी जाणार? जुनीं पुराणें तर बंद केलीं, मग त्यांच्या जागीं आम्हांस काय देतां, असा प्रश्न लोकांनीं पाद्रीगुरूंस केल्याचें ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच सांगितलें आहे. त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून हा ग्रंथ झाला. पोथ्या नाहींशा होण्याचें दुःख या ग्रंथाच्या जन्मापाशींच उभें आहे.

याची दुसरी बाजूहि पाहण्यासारखी आहे. लोकांची भाषा व मन समजून घ्यावें, म्हणून त्याच शतकांत जेझुइट मंडळींनीं रामायण-महाभारतांतील कथा कोंकणी व मराठींत रोमन लिपींत उतरवून घेतल्या. तीं हस्तलिखितें पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयांत आज आहेत. सासष्टींतील केळशी गांवच्या कृष्णदास शामा या कवीनें १५२६ सालीं श्रीकृष्णाचें चरित्र ओवीबद्ध केलें, तेंहि अशाच हस्तलिखितामुळें आपणांस ठाऊक आहे. पणजी येथील मध्यवर्ती ग्रंथालयाला आज त्याच कवीचें नांव दिलेलें आहे. एका हातानें जाळलें आणि दुसऱ्या हातानें उतरून ठेवलें, असा हा विचित्र इतिहास आहे.

ख्रिस्तपुराण १६१६ सालीं सासष्टींतील रायतूर येथें प्रथम छापलें गेलें. गोव्यांत छापखाना १५५६ मध्येंच आला होता. परंतु देवनागरी अक्षरांचे खिळे तयार करणें दुर्घट असल्यामुळें मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या करारांतील कथा असून त्याचे ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय आहेत, व ओव्या ४,१८१ आहेत. दुसऱ्या पुराणांत प्रभु येशूचें चरित्र असून त्याचे ५९ अवस्वर व ६,७८१ ओव्या आहेत. बेरीज करून पाहा: १०,९६२ ओव्या! ज्याची मातृभाषा इंग्रजी, त्यानें परक्या भाषेंत एवढी रचना करावी, आणि तीहि ज्ञानेश्वरीच्या वळणाच्या ओवींत, पहिल्या तीन चरणांस यमक व चौथा चरण आंखूड अशी, ही गोष्ट आळशी विद्यार्थ्यानें विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१६४९ व १६५४ या सालीं ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर वारें फिरलें. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पुढें १७५४ मध्यें गोव्यांत छापण्यावरच बंदी आली आणि १८२१ पर्यंत तेथें छापखाना चालला नाहीं. म्हणजे ग्रंथ चौथ्यांदा छापण्याचा मार्गच खुंटला. जुन्या छापील प्रती होत्या त्या हातोहात वापरून झिजल्या. शिवाय आपला पाऊस! जून लागला कीं भिंतींना ओल येते, कागदावर बुरशी चढते. पावसानें सोडलें तें कसर खाते, कसरीनें सोडलें तें वाळवी. शंभर-दीडशें वर्षांत छापील ख्रिस्तपुराण दिसेनासें झालें.

पण लोकांना तें पाहिजे होतें. देवळांत उपासनेनंतर, सणाच्या दिवशीं, विशेषतः दुःखसहनाच्या सप्तकांत, पुराण वाचण्याची व गाण्याची चाल पडून गेली होती. म्हणून ज्याच्यापाशीं झिजलेली प्रत असेल, त्याच्याकडून ती मागून आणावी, आणि रोज थोड्या थोड्या ओव्या याप्रमाणें उतरून काढावी, असा क्रम सुरू झाला. गोव्यांतून जीं कुटुंबें दक्षिणेस कानड्यांत गेलीं, त्यांनीं आपल्या बोचक्यांतून या पोथ्या मंगळुराकडे नेल्या. १७८४ सालीं टिपू सुलतानानें तेथील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. १७९९ पर्यंतच्या त्या कैदेंत पुराणाच्या ओव्यांनीं लोकांस धीर दिला, अशी मंगळुरी कुटुंबांत परंपरागत आख्यायिका आहे. त्यांची घरची बोली कोंकणी, पुराणाची भाषा मराठी, लिपी रोमन, आणि सभोंवार कानडीचा प्रदेश; इतकें असूनहि पोथी सुटली नाहीं.

आतां तुम्ही विचाराल, अशा हातांनीं उतरलेल्या पोथीवर विश्वास कसा ठेवावा? प्रश्न रास्त आहे. तो समजावा म्हणून आम्हीं वर्गांत एक प्रयोग केला. दहा ओळींचा एक उतारा पहिल्या मुलास दिला. त्याच्या वहीवरून दुसऱ्यानें उतरावयाचा, दुसऱ्याच्या वहीवरून तिसऱ्यानें, असा शेवटच्या बांकापर्यंत. शेवटची वही आम्हीं फळ्यावर मूळ उताऱ्याशेजारीं उतरविली, तेव्हां वर्गांत हंशा पिकला. एक सबंध ओळ गळाली होती, कारण दोन ओळींच्या शेवटीं एकच शब्द होता आणि उतरणाऱ्याची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली. एक अपरिचित शब्द जाऊन त्याच्या जागीं ओळखीचा शब्द बसला होता. एका हुशार मुलानें तर वाक्य ‘बरें दिसावें’ म्हणून आपल्या पदरचें एक विशेषण घातलें होतें! पोथ्यांतहि हेंच घडतें: गळणें, बदलणें आणि भर पडणें. ख्रिस्तपुराणाच्या कांहीं प्रतींत मागाहूनच्या हातांनीं घातलेल्या ओव्या आहेतच.

परंतु प्रयोगाचा दुसरा भाग याहून महत्त्वाचा होता. आम्हीं दोन रांगांना एकच उतारा वेगवेगळा उतरण्यास दिला होता. पहिल्या रांगेंत जी ओळ गळाली, ती दुसऱ्या रांगेंत होती. दुसरींत जो शब्द बिघडला, तो पहिलींत शाबूत होता. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून मुलांनीं मूळ उतारा जवळजवळ पूर्ण जुळविला. पंडित लोक हेंच करतात. अनेक प्रती जमवितात, ओळ ओळ ताडून पाहतात, आणि कोणता पाठ मूळचा व कोणता मागाहूनचा याचा निर्णय करतात. हें शास्त्र कांहीं परदेशांतूनच आलें असें नाहीं. पैठणच्या एकनाथमहाराजांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या वेळीं फादर स्टीफन्स गोव्यांत येऊन पांच वर्षें झालीं होतीं. एकाच भाषेचीं हीं दोन माणसें एकमेकांस कधीं भेटलीं नाहींत; परंतु पैठणांत जें ज्ञानेश्वरीसाठीं झालें, तेंच पुढें ख्रिस्तपुराणासाठीं करावें लागलें.

तें काम प्रथम मंगळुरास झालें. जोसेफ साल्ढाना यांनीं हस्तलिखित प्रती मिळवून, ताडून, १९०७ सालीं रोमन लिपींत ग्रंथ छापला. तिसऱ्या आवृत्तीनंतर २५३ वर्षांनीं पुराण पुन्हां छापील रूपांत लोकांच्या हातीं आलें! पण रोमन लिपींत एक अडचण होती. तिच्यांत आपले ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल हे भेद दाखवावयास वेगळीं अक्षरें नाहींत. एकच अक्षर दोनदां लिहून मूर्धन्य उच्चार दाखविण्याची रीत गोव्यांत पडली; पण उतरणाऱ्यानें एखादें अक्षर गाळलें कीं शब्दच बदलावा. ऱ्हस्व-दीर्घाची तर गोष्टच नको.

यावर प्रकाश पडला तो अनपेक्षित ठिकाणाहून. विल्यम मार्सडेन नांवाच्या इंग्रज विद्वानानें पौर्वात्य पुस्तकांचा मोठा संग्रह केला होता. १८३६ सालीं त्याचें निधन झालें. त्यापूर्वीं त्यानें तो लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला, आणि पुढें तो लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्येच्या शाळेकडे आला. त्या संग्रहांत कित्येक वर्षें पडून असलेली एक पोथी अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांनीं ओळखली. ती ख्रिस्तपुराणाची होती, आणि देवनागरी लिपींत होती! १९२३ सालीं त्यांनीं याविषयीं लेख लिहिला. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज वा लॅटिन वळणाचे धर्मशब्द आहेत, तेथें या पोथींत बहुधा संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. डॉ. ॲबट यांच्या मतें हाच मूळ पाठ होय. इतर विद्वानांस तें मान्य नाहीं, आणि हा वाद अभ्यास करणाऱ्यांनीं पुढें चालविला आहे. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें एवढेंच कीं, दुसरी पोथी सांपडली म्हणूनच हा प्रश्न विचारतां आला. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं संपादिलेली देवनागरी आवृत्ति पुण्यास प्रसिद्ध झाली, आणि सामान्य मराठी वाचकास हें पुराण आपल्या लिपींत वाचतां येऊं लागलें.

ज्यांनीं हें काम केलें त्यांचीं नांवें आपण घेतलीं. परंतु साल्ढाना यांच्या हातीं ज्या पोथ्या आल्या, त्या शेंकडों रात्रीं दिव्याच्या उजेडांत बसून उतरणाऱ्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. ते पंडित नव्हते. त्यांच्या हातून चुका झाल्या. तरी त्यांनीं आळस केला असता, तर साल्ढाना यांस छापावयाला आणि डॉ. ॲबट यांस ताडून पाहावयाला कांहींच उरलें नसतें.

आणि त्यांनाहि एक गोष्ट राखतां आली नाहीं. ओव्यांचे शब्द त्यांनीं लिहिले. चाल लिहून ठेवण्याची रीत आपल्या पोथ्यांत नव्हती. ती एका तोंडून दुसऱ्या तोंडीं जाई. ज्या घरीं गाणारें माणूस गेलें, त्या घरची चालहि त्याच्याबरोबर गेली.

हें लिहितांना आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट आठवते, आणि ती सांगतांना थोडी लाज वाटते. आमच्या आजीची एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेली. तिच्यांत तिनें आपल्या हातानें जुनीं मराठी भजनें लिहिलीं होतीं, आणि कांहींच्या शेजारीं ‘ही चाल आईची’ असें बारीक अक्षरांत टिपलें होतें. आजी गेली, वही माळ्यावर गेली. ‘सुटींत नीट उतरून काढूं’ असें आम्ही दोन-तीन वर्षें म्हणत राहिलों. एका पावसाळ्यांत कौल सरकलें. श्रावणांत माळा उघडला, तेव्हां वहीचा एकच काळा गोळा झाला होता. पान पानापासून सुटेना. भजनांचे शब्द पुष्कळसे छापील पुस्तकांत मिळाले. आईची चाल मात्र कोणत्याच पुस्तकांत नाहीं. दोष पावसाचा नव्हे, आमचा आहे.

म्हणून विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या वडील मंडळींस आमची हात जोडून विनंति आहे. रत्नागिरीच्या जुन्या घरांत माळ्यावर, देव्हाऱ्याखालीं, पेटाऱ्यांत, लाल फडक्यांत बांधलेल्या पोथ्या, हिशेबाच्या वह्या, पत्रें, गाण्यांच्या वह्या अजून आहेत. मोडी लिपी वाचतां येत नाहीं म्हणून तीं दप्तरें रद्दींत घालूं नका. पोथी कोणत्या धर्माची आहे हें पाहूं नका. ख्रिस्तपुराणाची कथा ऐकल्यावर तो भेद करण्याचें तोंड आपणांस उरत नाहीं. पावसाळा संपला कीं ती काढून सावलींत वारा द्या, कडक उन्हांत ठेवूं नका. फाटलेल्या पानाला डिंक वा चिकटपट्टी लावूं नका. ओल्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवा. वही कोणाची, कोणत्या गांवची, हें माहीत असलेलें माणूस हयात आहे तोंवर त्याला विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. आज घरोघरीं मोबाईल फोन आहे. एका रविवारीं पानापानाचें छायाचित्र घेतां येईल, आणि आजीला गावयास सांगून तिची चालहि त्यांतच राखतां येईल. सासष्टीच्या त्या उतरणाऱ्यांपाशीं हें साधन नव्हतें.

परंतु छायाचित्र घेऊन थांबूं नका. निदान एक पान हातानें उतरून पाहा. उतरतांना प्रत्येक शब्दापाशीं थांबावें लागतें, आणि थांबलें म्हणजे तो शब्द आपला होतो. दिवाळीच्या सुटीनंतर ज्या विद्यार्थ्यानें घरांतील जुन्या हस्तलिखिताचें एक पान उतरून आणलें असेल, त्याची वही आम्ही वर्गांत सर्वांसमोर वाचणार आहोंत. त्यांत चूक झाली असेल तर ती काढूं. एखादी ओळ गळाली असेल तर दुसऱ्याच्या वहींत पाहूं. पान मात्र आणा.